वाईच्या वाटेवरचे साठ वॅट

वाचकहो, पौषातल्या एखाद्या सकाळी वाईच्या गणपती आळीतून कृष्णेच्या घाटावर आपण कधी उतरला असाल, तर पाण्यावर रेंगाळणारे धुके आपल्या ओळखीचे असेल. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ त्या धुक्यातून हळूहळू वर येते. नदीच्या प्रवाहाकडे असलेली त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगते आणि गाभाऱ्याला धक्का लागत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी त्या घाटावर सायकल टेकवून पंधरा मिनिटे नुसता उभा होतो. देवदर्शन आधीच झाले होते. थांबलो होतो तो सायकलच्या पेडलला वाईची थंडी अंगवळणी पडावी म्हणून.

पेडलला थंडी वाजते काय, असे आपण विचाराल. एका अर्थी वाजते. पण ते समजण्यासाठी आपल्याला माझ्याबरोबर थोडे मागे, पुण्याच्या एका रुग्णालयातल्या व्यायामकक्षात यावे लागेल.

साठ वॅटचा दिवा

अडुसष्टाव्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरांनी हृदयरुग्णांच्या देखरेखीखालील व्यायामाला बोलावले. तिथे एक जागची सायकल होती. तिच्या पडद्यावर वेग नव्हता, किलोमीटर नव्हते. फक्त वॅट दिसत. छातीला तारा लावून, रक्तदाब मोजत, भार पायरीपायरीने वाढवत त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि शेवटी सांगितले, “तूर्त साठ वॅट. घरी सायकल चालवा, बाहेर चालवा, पण याच्या पुढे जाऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.”

वॅट हा शब्द आपल्या पिढीला विजेच्या बिलामुळे आणि दिव्यांमुळे ठाऊक आहे. एक किलोचे वजन एका सेकंदात सुमारे दहा सेंटिमीटर वर उचलायला जी शक्ती लागते, ती साधारण एक वॅट. म्हणजे साठ वॅट हे जुन्या पिवळ्या दिव्याइतकेच काम. माझ्या हृदयाला एवढा एक दिवा तेवत ठेवायची परवानगी मिळाली, असा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला.

नाडी मोजून हे साधणार नाही का, असा प्रश्न मी तेव्हाच विचारला होता. डॉक्टरांचे उत्तर प्रत्येक हृदयरुग्णाच्या घरात माहीत असायला हवे. बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर श्रम वाढले तरी नाडी पूर्वीसारखी वाढत नाही. त्यामुळे वयावरून काढलेला नाडीचा आकडा अशा माणसाला फसवू शकतो. त्यापेक्षा भार किती आहे आणि श्रम किती वाटतात, या दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी यासाठी सहा ते वीस अशी एक मोजपट्टी तयार केली. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि वीस म्हणजे कमाल. मला त्यातील अकरा ते तेराच्या दरम्यान, म्हणजे ‘हलके’ ते ‘थोडे जड’ एवढ्यातच राहायचे होते. आणि त्याहून सोपी खूण म्हणजे, सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे.

दोन सायकली, एक मोजमाप

पुण्यात आमच्या गॅलरीत एक जुनी गियरची सायकल ट्रेनरवर कायमची बसवलेली आहे. मागचे चाक काढून चेन थेट त्या यंत्रावर चढवायची आणि घरातल्या घरात चालवायची. यंत्र स्वतः वॅट मोजते, त्यामुळे रुग्णालयातला साठचा आकडा घरी आणणे सोपे गेले. अडचण वाईची होती. वाईला आमचे वडिलोपार्जित घर आहे, तिथे दुसरी सायकल आहे, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस आम्ही दोघे तिथे असतो. गॅलरीतील भिंतीकडे पाहत अर्धा तास सायकल चालवणाऱ्या माणसाला मेणवलीचा रस्ता किती हाक मारतो, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. पण त्या रस्त्यावर साठ वॅट म्हणजे किती, हे कोण सांगणार?

वेगावरून ते कळत नाही. माझे आणि सायकलचे मिळून वजन ब्याऐंशी किलोच्या आसपास. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, साठ वॅटमध्ये ताशी सोळा-सतरा किलोमीटर वेग मिळतो. समोरून वारा आला की त्याच साठ वॅटमध्ये तो दहा-अकरावर येतो. आणि शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता असेल, तर तेच साठ वॅट मला चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम पुढे ठेवतात. वेग टिकवण्याचा हट्ट धरला, तर चढावर हृदयावरचा भार दुप्पट-तिप्पट होतो आणि चालवणाऱ्याला वाटत राहते की आपण नेहमीसारखेच चाललो आहोत.

म्हणून भाच्याने सुचवले, “मामा, पॉवर मीटर लावू या. पेडलमधला. दोन मिनिटांत एका सायकलवरून दुसऱ्या सायकलवर जातो.”

भाचा सायकलच्या शर्यतींत भाग घेतो. त्याच्याकडून मला कळले की सायकलवर बसवायचे पॉवर मीटर उलरिख शोबरर या जर्मन अभियंत्याने १९८६ साली तयार केले. तत्त्व सोपे आहे. धातूवर जोर पडला की तो डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. त्या वाकण्यावरून जोर किती हे कळते, आणि पाय मिनिटाला किती फेरे फिरवतात ते मोजले की दोन्हींवरून वॅट निघतात. शोबरर यांनी हे मोजमाप क्रँकमध्ये बसवले होते. आता ते पेडलच्या आसातही बसते, आणि अनेक सायकली असणाऱ्याला तेच सोयीचे. क्रँक काढणे हे मेकॅनिकचे काम. पेडल कुणालाही काढता येते.

भाच्याकडे एक जुना जोड होता. त्यात मोजणारी यंत्रणा फक्त डाव्या पेडलमध्ये होती. उजवे पेडल दिसायला तसेच, पण पोकळ. डाव्या पायाची शक्ती मोजायची, तिची दुप्पट करायची आणि पडद्यावर दाखवायची, अशी त्याची रीत. स्वस्त पडते म्हणून पुष्कळ लोक तेच वापरतात. या ‘दुप्पट करायची’ शब्दांकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. आपण मात्र ते लक्षात ठेवा.

पेडलचा प्रवास

सायकल पुण्याला, सायकल वाईला. प्रवास फक्त पेडलचा. एका जाड कापडी पिशवीत पेडलचा जोड, आठ मिलिमीटरची एलन की, ग्रीसची डबी आणि एक भिंग घालून आम्ही निघालो. खंबाटकी घाट चढून उतरलो, सुरूर फाट्याला महामार्ग सोडला आणि वाईच्या दिशेने वळलो. पांडवगड दिसू लागला की आमच्या दोघांच्या बोलण्याचा सूरच बदलतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल अंगणात घेतली. उजवे जुने पेडल सहज निघाले. डावे मात्र निघेना. जोर लावावा तेवढे ते अधिकच घट्ट होई. शेवटी भाच्याला फोन केला तेव्हा तो हसला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाही तर चालवता चालवता ते आपोआप सैल होईल. त्याने सांगितलेली खूण आजही मला उपयोगी पडते: किल्लीचा दांडा वरच्या बाजूला धरावा, मागच्या चाकाकडे ढकलला की पेडल सुटते, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळते. दोन्ही बाजूंना हाच नियम, त्यामुळे डावे-उजवे लक्षात ठेवायची गरज नाही.

आट्यांना ग्रीस लावून, पहिले चार-पाच फेरे हाताने फिरवून मी पेडल बसवले. पडद्याशी जोडले. आकडा दिसू लागला. झाले, असे वाटले आणि मी निघालो. पत्नी मागून स्कूटीवर होती, कारण मी एकट्याने बाहेर सायकल चालवायची नाही, हा आमच्या घरातला ठराव आहे.

वाईहून मेणवली तीन किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि हळद, मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर, आणि डाव्या हाताला कधी दिसणारी, कधी लपणारी कृष्णा. मी पडद्यावर नजर ठेवून होतो: अठ्ठावन्न, साठ, एकोणसाठ. डॉक्टरांची आज्ञा तंतोतंत पाळणारा माणूस म्हणून मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली असेल. मेणवली जवळ आली तेव्हा पत्नी स्कूटी बरोबरीने घेऊन म्हणाली, “परवाच्या लग्नाला आहेर काय करायचा ठरवलंत?”

“बघू,” मी म्हणालो.

“साडी घ्यायची की पाकीट द्यायचं?”

“पाकीट.”

“अहो, आणि राहायचं कुठे? तुमच्या मावसबहिणीकडे?”

मी नुसती मान हलवली. तिने स्कूटी पुढे घेतली आणि हात आडवा करून मला थांबवले. “उतरा बरं आधी. मघापासून एका शब्दाच्या पुढे गेला नाहीत तुम्ही.”

मी पडदा दाखवून म्हणालो, “साठच आहेत.” पण ते दोन शब्द म्हणायलाही मला मध्ये श्वास घ्यावा लागला. शर्टची पाठ भिजली होती. छातीत दुखत नव्हते, चक्कर नव्हती, पण बोर्गच्या पट्टीवर मी तेराच्या फार पुढे गेलो होतो. पडदा साठ म्हणत होता आणि श्वास वेगळेच सांगत होता. त्या दिवशी तिने श्वासावर विश्वास ठेवला, पडद्यावर नाही.

पंधरा मिनिटे आम्ही रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसलो. श्वास पूर्ववत झाल्यावर सायकल ओळखीच्यांच्या अंगणात ठेवून स्कूटीवरून परत आलो, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. तपासणीत काही निघाले नाही. पण चूक कुठे झाली हे कळेपर्यंत बाहेरची सायकल बंद, असे त्यांनी सांगितले.

दोन पडदे

चूक पुण्यात सापडली. भाच्याने वाईहून आणलेले पेडल गॅलरीतल्या सायकलला लावले. आता एकाच वेळी दोन मोजमापे होती: एक पेडलचे, दुसरे ट्रेनरचे. त्याने दोन वेगळ्या पडद्यांवर दोन्ही लावली, एकाला दुसऱ्याचा आकडा चुकून उचलू दिला नाही, आणि मला संथ चालवायला सांगितले.

पेडल साठ दाखवत होते. ट्रेनर चौऱ्याहत्तर.

“मामा, हे उलटं आहे,” तो म्हणाला. “पायांनी दिलेली थोडी शक्ती चेनमध्ये खर्च होते. ट्रेनर चेनच्या पलीकडे मोजतो, म्हणून त्याचा आकडा पेडलपेक्षा जरासा कमी यायला हवा. तुमचा जास्त येतोय. तुमचा डावा गुडघा...”

माझा डावा गुडघा दहा वर्षांपासून झिजलेला आहे. जिना चढताना मी नकळत उजव्या पायावर भार घेतो, आणि सायकलवरही तेच करत होतो. हिशेब आपणही करून पाहा. डावा पाय तीस वॅट देत होता, उजवा पंचेचाळीस. एकूण पंचाहत्तर. पण यंत्राला फक्त डावा पाय दिसत होता. त्याने तीसचे दुप्पट केले आणि पडद्यावर साठ लिहिले. मी मर्यादा पाळत होतो असे वाटत असताना रोज पावपट जास्त श्रम करत होतो. यंत्र खोटे बोलत नव्हते. दोन्ही पाय सारखे आहेत असे त्याने गृहीत धरले होते, आणि माझ्या वयाच्या माणसाबद्दल असे काही गृहीत धरणेच चूक आहे. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले, पक्षाघातातून सावरलेले, एका पायाला जुने दुखणे असलेले कितीतरी वाचक असतील. त्यांच्या बाबतीत एकाच बाजूचे मोजमाप दिशाभूल करते.

मग सरळ पावपट वाढवून वाचावे का? तेही नाही. दोन पायांतला फरक कायम राहत नाही. दमल्यावर, चढावर, गुडघा दुखत असलेल्या दिवशी तो बदलतो. दोन्ही बाजूंना मोजणारी पेडल घेणे, हाच उपाय होता. खर्च थोडा झाला, पण रुग्णालयाच्या एका फेरीपेक्षा जास्त नाही.

दुसरी चूक लहान, पण सायकली बदलणाऱ्या प्रत्येकाची होऊ शकेल अशी. क्रँकची लांबी प्रत्येक सायकलला वेगळी असते. पुण्याच्या सायकलची १७० मिलिमीटर, वाईच्या सायकलची १७५. क्रँक लांब असेल तर तेवढ्याच जोराने जास्त काम होते, म्हणून पेडलला ही लांबी सांगावी लागते. ती नोंद पेडलच्या पोटात राहते. सायकल बदलली हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. वाईला मी १७० चेच मोजमाप ठेवून निघालो होतो, त्यामुळे आकडा आणखी तीन टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ बारीक अक्षरांत कोरलेला असतो. पिशवीतले भिंग त्यासाठीच होते, आणि पहिल्या दिवशी मी ते बाहेर काढलेच नव्हते.

घाटावरची पंधरा मिनिटे

म्हणून पुढच्या खेपेला मी घाटावर उभा होतो.

पेडलमधला धातू तापमानाप्रमाणे किंचित आकुंचन-प्रसरण पावतो, आणि तो जोर आहे की थंडी, हे ओळखायला त्याला थोडा वेळ लागतो. घराच्या उबेतून सायकल एकदम पौषाच्या हवेत आणली आणि लगेच निघालो, तर सुरुवातीचे आकडे चुकू शकतात. म्हणून पंधरा मिनिटे थांबायचे आणि मग पेडलला शून्य दाखवायचे. सायकल सरळ उभी, पेडलवर पाय नाही, हात नाही, क्रँक उभी, आणि मोबाइलवरचे किंवा पडद्यावरचे शून्य जुळवण्याचे बटण दाबायचे. माझ्यावर आता काहीही भार नाही, ही नोंद पेडलने प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक सायकलवर नव्याने घ्यायची असते. काल पुण्यात घेतलेले शून्य आज वाईला चालत नाही.

नवे बसवलेले पेडल पहिल्या काही मिनिटांत आट्यांत नीट बसते. तरुण सायकलस्वार त्यासाठी दोन-चार वेळा जोरात पळवतात. आपण तसे करू नये. दहा मिनिटे अगदी हळू चालवून थांबावे, पेडल घट्ट आहे ना ते पाहावे आणि शून्य पुन्हा एकदा जुळवावे.

आणखी एक गोष्ट. अशी बहुतेक पेडल बूट अडकवायच्या प्रकारची असतात. शर्यतीत ते ठीक. आपल्या वयात अचानक थांबायची वेळ आली आणि बूट सुटला नाही, तर माणूस उभ्याने आडवा होतो. त्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साधे पडणेही महागात पडते. म्हणून आम्ही त्या पेडलवर सपाट पट्ट्या बसवून घेतल्या आहेत. जोर आसावरच पडतो, त्यामुळे मोजमाप बिघडत नाही, आणि मी रोजचे साधे बूट घालू शकतो.

त्या दिवशी खरेच साठ वॅट मी पहिल्यांदा रस्त्यावर अनुभवले. ते फार हळू होते. दुधाच्या किटल्या लावलेला एक मुलगा मला मागे टाकून गेला. चढ आला तिथे सर्वांत हलका गियर लावून मी अक्षरशः पायी चालणाऱ्या एका बाईंच्या बरोबरीने चाललो, आणि त्यांनी कुठले आपण, अशी चौकशीही केली. मला तिचे पूर्ण वाक्यात उत्तर देता आले, हे पाहून मागून स्कूटीवरून येणारी पत्नी समाधानाने हसली, असे तिने नंतर सांगितले.

मेणवलीला या वेळी मी स्वतःच्या श्वासाने पोहोचलो. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणेश्वराचे देऊळ, आणि तिथेच टांगलेली ती मोठी घंटा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. चर्चसाठी घडवलेली घंटा कृष्णाकाठच्या देवळात येऊन दोनशे-अडीचशे वर्षे सुखाने नांदते आहे. आम्ही दोघे पायऱ्यांवर अर्धा तास बसलो, घरून आणलेला उपमा खाल्ला आणि पाणी प्यालो.

तिथून पुढे धोमपर्यंत, वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. धरणाच्या बाजूने समोरून वारा आला आणि वेग दहावर उतरला. पूर्वी मी दातओठ खाऊन पाय मारले असते. आता पडद्यावर साठ होते आणि तेच मला हवे होते. धोमच्या देवळात कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. त्याच्यापुढे हात जोडून आम्ही परत फिरलो. परतताना वारा पाठीशी होता.

घरच्यांसाठी थोडे

आपण स्वतः असे काही करणार असाल, किंवा आपल्या घरातील ज्येष्ठांची काळजी घेत असाल, तर या गोष्टी कागदावर लिहून सायकलच्या पिशवीत ठेवा. आमच्या पिशवीत त्या आहेत.

• वॅटची मर्यादा स्वतः ठरवू नये. ती तपासणीनंतर डॉक्टरांनी द्यावी आणि वेळोवेळी बदलावी.

• दोन पायांच्या ताकदीत फरक असेल, तर दोन्ही बाजूंना मोजणारेच मीटर वापरावे.

• सायकल बदलली की क्रम असा: पेडल ग्रीस लावून घट्ट बसवणे, क्रँकची लांबी वाचून नोंदवणे, पडद्यावर पेडलचाच आकडा येतो आहे ना ते पाहणे, हवेत पंधरा मिनिटे ठेवणे, शून्य जुळवणे, दहा मिनिटांनी पुन्हा शून्य.

• चार्जिंग आदल्या रात्री करावे. आकडा अचानक शून्यावर गेला किंवा अवाच्या सवा वाढला, तर त्या दिवशी पडदा झाकून ठेवावा आणि बोलता येईल एवढ्याच गतीने घरी यावे.

• महिन्यातून एकदा ट्रेनर असलेल्या सायकलवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहावेत. ट्रेनरचा आकडा किंचित कमी असेल तर सारे ठीक.

• छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, चक्कर, किंवा एकाएकी धाप, यांपैकी काहीही झाले तर पडद्याकडे पाहू नये. थांबावे, बसावे, डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली गोळी घ्यावी आणि १०८ वर फोन करावा.

• बरोबर चालणाऱ्या माणसाने मधूनमधून प्रश्न विचारावा. हो-नाहीचा नको, वाक्यात उत्तर द्यावे लागेल असा.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा. त्याला चार्जिंग लागत नाही आणि सायकल बदलली तरी काही नोंदवावे लागत नाही. मात्र त्यासाठी बरोबर कुणीतरी असावे लागते.

गेल्या तपासणीत डॉक्टरांनी साठचे सत्तर केले. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आपल्याला माहीत असेल. तरुणपणी मी तो एका दमात चढत असे. आता भल्या सकाळी, रहदारी सुरू होण्याआधी, पायथ्यापासून पहिल्या मोठ्या वळणापर्यंत जातो. सत्तर वॅटमध्ये तिथे ताशी साडेपाच किलोमीटर वेग मिळतो. वळणावर कठड्याला सायकल टेकवून खाली पाहिले, की वाईची कौले, देवळांची शिखरे आणि मधून वाहणारी कृष्णा दिसते. पत्नी स्कूटी लावते, थर्मासमधला चहा ओतते आणि विचारते, “दमलात?”

मी पूर्ण वाक्यात उत्तर देतो. मग आम्ही परत फिरतो.